बाबा म्हणतात, "फौजीला बीपी नसतो"

अनवट | सोमवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचनमात्र आहे, आज गळ्याशी आलं म्हणून धागा काढतोय.

बाबा तोफखान्यातून निवृत्त झाले त्याला अकरा वर्षं झाली. चोवीस वर्षं नोकरी. आजही साडेचारला उठतात, बूट आदल्या रात्री पॉलिश करून ठेवतात, पांघरुणाची घडी पट्टी लावून मोजावी अशी. पण ते बूट घालून जायचं कुठे? गुडघ्याचं निमित्त झालं आणि चालणं बंद पडलं ते पडलंच. ताटातलं माप मात्र अजून रूट मार्चच्या काळातलं. पोट सुटलंय. जिना चढताना मधल्या खिडकीपाशी थांबतात आणि बाहेर काहीतरी महत्त्वाचं चालल्यासारखं बघत राहतात. बाहेर काही चाललेलं नसतं.

बीपी मोजू या म्हटलं की एकच उत्तर: "फौजीला बीपी नसतो. चोवीस वर्षांत एकदाही सिक रिपोर्ट केलेलं नाही." वर निवृत्तीच्या वेळच्या मेडिकलचा कागद काढून दाखवतात. सगळं नॉर्मल. अकरा वर्षांपूर्वीचं!

तर प्रश्न दोन. माजी सैनिकांना हृदयाची आणि मेंदूची काही वेगळी काळजी घ्यावी लागते का, की सगळ्यांसारखीच? आणि असल्या माणसाला मशीनसमोर बसवायचं कसं?

ता.क. परवा सकाळी पेपर वाचताना बाबांच्या उजव्या हातातून चष्मा दोनदा खाली पडला आणि दहाएक मिनिटं जीभ जड झाल्यासारखं बोलत होते. मग एकदम ठीक. झोप झाली नाही म्हणाले. याचा वरच्याशी संबंध आहे की नाही माहीत नाही, आठवलं म्हणून लिहिलं.

वाचून_दमलो | ९:२०

आमच्या सासऱ्यांची सेम टू सेम कॉपी. फक्त ते हवाईदलातले, त्यामुळे "आमच्यात" म्हणून सुरू होतं सगळं. वाचतोय.

सिग्नलवाला | ९:३१

धागाकर्त्या, तुझे बाबा तोफखान्यातले ना? मग बीपी मोजू या असं हळू आवाजात बोलला असशील. ऐकूच गेलं नसेल. :)

डॉ_कडूगोळी | ९:३८

अनवट, तुमचे दोन्ही प्रश्न बाजूला ठेवा. ता.क. मध्ये जे लिहिलंय तोच खरा धागा आहे.

हातातली ताकद जाणं, बोलणं जड होणं आणि दहा मिनिटांत सगळं पूर्ववत होणं, याला टीआयए म्हणतात. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी येऊन अडकते आणि सुटते. सुटली म्हणून बरं वाटतं. पण ही पक्षाघाताची रंगीत तालीम असते आणि प्रयोगाची तारीख कळवली जात नाही. धोका पहिल्या दोन दिवसांत सगळ्यात जास्त. तुमचे दोन दिवस उलटून गेलेत म्हणून हायसं वाटून घेऊ नका, पुढचे काही आठवडेही धोक्याचेच.

आत्ता निघा. स्कॅनची आणि मेंदूविकारतज्ज्ञाची सोय असेल अशाच ठिकाणी न्या. घरात ॲस्पिरिन असेल तर स्वतःच्या मनानं देऊ नका. गुठळी आहे की रक्तस्राव, हे स्कॅनशिवाय कळत नाही.

अनवट | ९:४४

डॉक्टर, घाबरवताय. पण ते तर आत्ता टीव्ही बघतायत, एकदम ठणठणीत.

डॉ_कडूगोळी | ९:४५

घाबरवतोच आहे. टीव्ही बंद करा.

अनवट | ९:५२

निघालो. "शनिवारची गोष्ट सोमवारी कशाला" म्हणत बूट घालतायत. लेस बांधायला नेहमीपेक्षा वेळ लागतोय, हे आत्ता पहिल्यांदा लक्षात आलं.

जुनाबूट | १०:३०

पोरगा परत येईपर्यंत मी माझं लिहून ठेवतो. मी पायदळात सतरा वर्षं. निवृत्तीनंतर गार्डची नोकरी धरली. आमच्यातले बरेच जण तेच करतात. बारा तासांची ड्यूटी, बहुतेक रात्रीची, आणि सगळी खुर्चीवर.

वय एक्कावन्न. पहाटे तीनच्या सुमाराला जबडा आणि डावा खांदा अवघडल्यासारखा वाटायला लागला. छातीत दुखलं असतं तर कदाचित कळलं असतं. मला वाटलं मान वाकडी राहिली. मग घाम सुटला. थंडीच्या दिवसांत शर्ट भिजला आणि तरी मी तसाच बसून राहिलो, सकाळी नऊपर्यंत, कारण रिलीव्हर आला नव्हता. बदली माणूस आल्याशिवाय पोस्ट सोडायची नसते, हे हाडांत मुरलेलं.

सहा तास. डॉक्टर नंतर म्हणाले, पहिल्या तासा-दोन तासांत आला असतात तर स्नायू वाचला असता. आता हृदयाची पंपिंग ३८ टक्के आहे. निरोगी माणसाची पन्नासच्या वर असते.

दुसरं म्हणजे, "एकदाही सिक रिपोर्ट नाही" याचा अर्थ माणूस आजारी पडला नाही असा होत नाही. मीसुद्धा केलं नाही कधी. ताप अंगावर काढले, घोटा मुरगळलेला असताना धावलो. सिक रिपोर्ट केलं की चारचौघांत कामचुकार म्हणायचे. मेडिकल कॅटेगरी खाली गेली की बढती अडकायची. म्हणजे दुखणं लपवण्याचं ट्रेनिंग आम्हाला फुकटात मिळालं. गणवेश उतरला तरी ते उतरत नाही.

वाचून_दमलो | १०:४१

काका, "बदली माणूस आल्याशिवाय" वाचून काटा आला.

उंटावरचा_शहाणा | १०:५५

मुद्दाम उलट बोलतो, रागवू नका. सैनिक हे समाजातले सगळ्यात फिट लोक. वीस वर्षं रोज पीटी, वेळेवर जेवण, नियमित तपासण्या. खरी काळजी आम्हा खुर्चीवाल्यांची करा. पंचविशीत बीपी असलेले आमच्या ऑफिसात चार आहेत. माजी सैनिकांचा वेगळा धागा हा थोडा भावनिक प्रकार वाटतो.

पानगळ | ११:२०

@उंटावरचा_शहाणा, अर्धं बरोबर आहे. सैन्यात भरती होताना चाळणी लागते, त्यामुळे सुरुवातीचं भांडवल चांगलं असतं. पण ते मुदत ठेवीत राहत नाही. चाळिशीच्या आसपास निवृत्ती, मग व्यायाम अचानक बंद आणि भूक तशीच. वर ऐन उमेदीत लागलेली सिगारेट. अमेरिकन सैन्याच्या शिधापाकिटांत १९७५ पर्यंत सिगारेटी असायच्या! सरकारनंच लावलेली सवय.

आणि चाळणीतून निघालेले सगळे आतून स्वच्छ असतात असंही नाही. कोरियाच्या युद्धात मारल्या गेलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांच्या हृदयाची तपासणी झाली होती, ती १९५३ मध्ये प्रसिद्ध झाली. सरासरी वय २२. त्यांतल्या ७७ टक्क्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत आजाराच्या काही ना काही खुणा सापडल्या. बऱ्याच जणांत किरकोळ, पण काहींत नळी जवळजवळ बंद. तोवर हा म्हाताऱ्यांचा आजार समजत होते. ही मुलं आदल्या दिवशीपर्यंत डोंगर चढत होती.

सगळ्यात मोठं उदाहरण आयझेनहॉवर. दुसऱ्या महायुद्धातला सेनापती, दिवसाला चार पाकिटं ओढायचा. १९४९ मध्ये एका झटक्यात सोडली. सप्टेंबर १९५५ मध्ये राष्ट्राध्यक्ष असताना हृदयविकाराचा झटका आला, आणि पहिली बातमी काय दिली? पोट बिघडलंय! राष्ट्राध्यक्षाचं हे, तर जुनाबूट काकांना मान अवघडली वाटली यात नवल ते काय. पुढे नोव्हेंबर १९५७ मध्ये पक्षाघाताचा सौम्य झटका. बोलायला जावं तर हवे ते शब्द येईनात. आधी हृदय, मग मेंदू. नळ्यांचं जाळं एकच आहे, एकीकडे गंजलं की दुसरीकडे कोरं कसं राहील?

उंटावरचा_शहाणा | ११:२८

बरं बाबा, उतरलो उंटावरून. पण ते चार पाकिटं खरं? एवढा वेळ मिळायचा कुठे युद्धात?

सिग्नलवाला | ११:३३

युद्धात वेळच वेळ असतो हो. नव्वद टक्के युद्ध म्हणजे वाट बघणं. सिगारेट त्यासाठीच. मी उंचीवरच्या चौकीत शिकलो. तंबूत सहा जण आणि एकच पेटलेली. नाही म्हटलं तर तुटल्यासारखं व्हायचं. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी सुटली. डॉक्टरांनी सांगितलेलं एक वाक्य कामी आलं: सोडल्यापासून वर्षभरात हृदयविकाराचा वाढीव धोका साधारण निम्म्यावर येतो. एक वर्ष म्हणजे काय, एक पोस्टिंगसुद्धा नाही.

रुपेरी | मंगळवार, सकाळी ६:५०

अनवट, काय झालं? कळवा.

तोवर मी बायकांच्या बाजूनं लिहिते. हे परत येऊन आठ वर्षं झाली. रात्री दोनदा उठून दाराशी जातात आणि चपलांचे जोड मोजतात. चार जोड दिसले की परत येऊन झोपतात. मुलगी शिकायला बाहेर गेली तेव्हा तिचे जुने सँडल मी मुद्दाम तिथे ठेवून दिले, अजून तिथेच आहेत. मोठा आवाज झाला की दचकत नाहीत, उलट एकदम शांत होतात, आणि मनगटाला हात लावला तर नाडी धाडधाड पळत असते. हे आजारात मोजायचं की स्वभावात, आम्हाला कित्येक वर्षं कळलंच नाही.

पानगळ | ७:३०

रुपेरीताई, ही धाडधाड पळणारी नाडी दीडशे वर्षांपासून डॉक्टरांच्या वह्यांत आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर फिलाडेल्फियाच्या दा कॉस्टा नावाच्या डॉक्टरानं ३०० सैनिकांच्या नोंदी १८७१ मध्ये छापल्या. धडधड, दम, छातीत कळा, आणि तपासलं तर हृदयाची रचना ठीक. त्यानं नाव दिलं 'चिडखोर हृदय'. लोक 'सैनिकाचं हृदय' म्हणायला लागले. पहिल्या महायुद्धात 'शेल शॉक' आलं. शेवटी १९८० मध्ये पीटीएसडी (भयंकर अनुभवानंतर मनावर राहणारा आघात) हे नाव मनोविकारांच्या अधिकृत यादीत गेलं.

आणि हे नुसतं मनाचं नाही. व्हिएतनामच्या काळात नोकरी केलेल्या जुळ्या भावांचा अभ्यास २०१३ मध्ये आला. पीटीएसडी असलेल्यांत हृदयविकाराचं प्रमाण दुपटीहून जास्त निघालं. जुळे असल्यामुळे "घराण्यातच आहे" ही पळवाटही बरीचशी बंद.

डॉ_कडूगोळी | ८:१०

रुपेरी, झोपेत घोरतात का? आणि मध्येच घोरणं थांबून शांतता पसरते का?

रुपेरी | ८:१४

हो. मी अंधारात मोजते. परवा एकदा एकवीसपर्यंत मोजलं. मग मोठा श्वास घेतात, पाण्यातून वर आल्यासारखा.

डॉ_कडूगोळी | ८:२५

झोपेची तपासणी करून घ्या, लवकर. हा स्लीप ॲप्निया वाटतो. रात्रभर ऑक्सिजन खाली-वर होत राहिला की बीपी गोळ्यांनाही दाद देत नाही, ठोके अनियमित होण्याची शक्यता वाढते, आणि दिवसा डोकं धुक्यात असल्यासारखं राहतं. घरचे त्याला विसराळूपणा समजतात. रात्री मास्क लावून झोपायचं यंत्र मिळतं, आणि कशाशी लढायचंय ते ठरल्यावर मनाचे उपचारही करा. दोन्ही लागतील.

सिग्नलवाला | ८:३१

मास्कला नाही म्हणाले तर गॅस मास्कचा सराव आहे म्हणून सांगा. लावतील.

मूळचा | ११:०५

सगळं ठीक आहे, पण बीपीच्या गोळ्या सुरू केल्या की जन्माचं गुलाम. मीठ तोडा, पहाटे चाला, दीर्घ श्वसन करा, बीपी आपोआप खाली येतं. औषध कंपन्यांना गिऱ्हाईक हवं असतं, दुसरं काय.

डॉ_कडूगोळी | दुपारी १:४०

मीठ कमी करा, चाला, वजन उतरवा, १०० टक्के सहमत. सौम्य बीपी कित्येकदा त्यानंच ताब्यात येतं. पण "गोळ्या म्हणजे धंदा" हे ऐकलं की मला एक गोष्ट सांगाविशी वाटते, आणि ती याच धाग्यावर शोभते.

१९६० च्या दशकापर्यंत भलेभले डॉक्टर म्हणायचे की वाढलेलं बीपी ही शरीराची गरज आहे, छेडू नका. मग एडवर्ड फ्राइस नावाच्या डॉक्टरानं अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांत प्रयोग मांडला. १४३ पुरुष, खालचं बीपी ११५ ते १२९ च्या दरम्यान. निम्म्यांना खरं औषध, निम्म्यांना दिसायला तशीच पण रिकामी गोळी. कुणाला काय मिळतंय हे ना त्यांना माहीत, ना डॉक्टरांना. १९६७ मध्ये निकाल छापला: रिकाम्या गोळीवाल्यांत २७ जणांना गंभीर त्रास, त्यांतले चार दगावले. औषधवाल्यांत गंभीर त्रास फक्त दोघांना, मृत्यू एकही नाही. पुढे १९७० मध्ये मध्यम बीपीच्या ३८० जणांवरही फायदा दिसला.

म्हणजे आज जगभर कोट्यवधी लोक ज्या भरवशावर बीपीची गोळी गिळतात, तो भरवसा माजी सैनिकांनी स्वतःच्या अंगावर घेऊन मिळवून दिलाय. फौजीनं ती गोळी नाकारणं मला तरी विचित्र वाटतं.

जुनाबूट | २:०५

हे मला माहीत नव्हतं. डॉक्टर, हे माझ्या दोन मित्रांना आजच सांगतो.

मूळचा | २:३०

मी गोळ्यांच्या विरोधात नाही हो, अति वापराच्या विरोधात आहे.

वाचून_दमलो | २:३२

उंटावर जागा झालीये, बसा.

तोफची | संध्याकाळी ६:१५

मीही तोफांवरचाच, त्यामुळे सिग्नलवाल्याचा पहिला जोक मला लागला. कारण खरा आहे. आमच्या वेळी कानात फारतर कापसाचा बोळा. उजवा कान गेलाच. घरात टीव्हीवरून भांडणं, मग मी चारचौघांत बसणं सोडलं, कुणी काही म्हणालं की नुसता हसून मान हलवायची. नातू म्हणाला, "आजोबा, मी विचारलं तुमचं वय किती, तुम्ही हो काय म्हणता?"

कानाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की ऐकू न येणं आणि स्मृतिभ्रंश यांचा संबंध आहे. मला वाटलं मशीन खपवतायत. नंतर मुलानं वाचून दाखवलं. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या समितीनं २०२४ मध्ये टाळता येण्याजोग्या १४ गोष्टी मोजल्या, सगळ्या सावरल्या तर जगातला साधारण ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळेल किंवा लांबेल असा अंदाज. बीपी, धूम्रपान, मधुमेह, डोक्याला मार, एकटेपणा, आणि ऐकू न येणं. यादी वाचताना असं वाटलं की कुणीतरी आमच्या पलटणीची हजेरी घेतंय.

डॉ_कडूगोळी | ६:४०

खरं सांगायचं तर श्रवणयंत्रानं विस्मरण टळतं असं सरसकट म्हणता येत नाही. २०२३ च्या मोठ्या चाचणीत सगळ्यांचा मिळून फरक पडला नाही. पण ज्यांना मुळात जास्त धोका होता, त्या गटात तीन वर्षांत घसरण जवळजवळ निम्म्यानं मंदावली. तुम्ही नातवाच्या प्रश्नाला आता उत्तर देता, तेवढ्यासाठीही लावा.

सिग्नलवाला | ६:५८

तोफची साहेब, माफी. आता गंभीरपणे: डोक्याला मार. आम्ही गाडीसकट उडालो होतो एकदा. बेशुद्ध पडलो नाही, दोन दिवस कानात शिट्टी आणि मळमळ. "काही नाही रे" म्हणून चौथ्या दिवशी ड्यूटी. त्याचा काही हिशोब लागतो का?

डॉ_कडूगोळी | ७:२०

लागतो. अमेरिकेतल्या साडेतीन लाखांहून जास्त माजी सैनिकांच्या नोंदी तपासल्या, २०१८ मध्ये निष्कर्ष आले. बेशुद्ध न पडलेल्या सौम्य माराच्या गटातही पुढे स्मृतिभ्रंशाचं निदान दुपटीहून जास्त. घाबरू नका, दुप्पट म्हणजे नक्की होणार असं नाही. पण फाईलमध्ये ती घटना तारखेसह लिहून ठेवा आणि दर वेळी डॉक्टरांना सांगा. घडून गेलेला मार पुसता येत नाही, बीपी मात्र आजही हातात आहे. २०१९ मध्ये नऊ हजारांहून जास्त लोकांच्या चाचणीत वरचं बीपी १२० च्या खाली ठेवलेल्यांना सुरुवातीचं विस्मरण १४० वाल्यांपेक्षा कमी झालं. सगळ्यांना १२० झेपतं असं नाही, चक्कर येऊन पडणारेही असतात. आकडा आपापल्या डॉक्टरांबरोबर ठरवा.

अनवट | गुरुवार, रात्री १०:०५

आलो. आधी सगळ्यांचे आभार, विशेषतः कडूगोळी.

सोमवारी रात्री बीपी १८२/१०४ होतं. स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही. एमआरआयमध्ये एक ताजा बारीक ठिपका, आणि एक जुना. जुना! म्हणजे या आधी कधीतरी मेंदूला एक छोटा झटका येऊन गेलाय आणि घरात कुणालाच पत्ता नाही. बाबांना विचारलं, तर म्हणाले, "मागे एकदा दोन दिवस पाय जड वाटला होता." सांगितलं का नाही? "सांगण्यासारखं काय होतं?"

ईसीजी पहिल्या दिवशी ठीक आला. चोवीस तासांच्या यंत्रावर मात्र रात्री दोनच्या सुमाराला ठोके वीस मिनिटं वेडेवाकडे सापडले. एट्रियल फिब्रिलेशन. हृदयाचा वरचा कप्पा आकसायच्या ऐवजी नुसता थरथरतो, रक्त साचतं, गुठळी होते आणि ती वर मेंदूत जाते. यानं पक्षाघाताचा धोका साधारण पाचपट होतो म्हणाले. रक्त पातळ ठेवायची गोळी सुरू केलीय, बीपीची वेगळी.

गोळी घ्यायला बाबा तयार नव्हते. मग मी मोबाईल काढून कडूगोळींचा १४३ जणांचा प्रतिसाद मोठ्यानं वाचला. दोनदा वाचायला लावला. मग विचारलं, "ते चौघं गेले, ते रिकाम्या गोळीवाले?" हो म्हटलं. काही बोलले नाहीत. पाणी मागितलं.

रुपेरी | १०:१२

डोळे भरून आले. झोपेच्या तपासणीची आमची तारीख मिळालीय.

तोफची | १०:३०

अनवट, वडिलांना माझ्याकडून एक सांग, त्यांना कळेल. तोफेच्या नळीचं आयुष्य वर्षांत मोजत नाहीत, तिच्यातून किती गोळे गेले त्यावर मोजतात आणि प्रत्येक गोळ्याची नोंद तिच्या लॉगबुकात असते. बाहेरून रंग कितीही चकचकीत असू दे. अकरा वर्षं लॉगबुक कोरं असलेल्या तोफेवर ते उभे राहिले असते का? आणि रेंज काढताना एका गोळ्यावर हिशोब धरत नाहीत. बीपीचंही तसंच, एका आकड्यावर काही ठरत नाही.

डॉ_कडूगोळी | १०:४५

हे मी पेशंटना सांगायला चोरणार आहे.

नोंद घेताना: लघवी करून यायचं, पाच मिनिटं गप्प बसायचं, पाठ टेकलेली, पावलं जमिनीला, पायावर पाय नाही, दंड हृदयाच्या उंचीवर. एका मिनिटाच्या अंतरानं दोन आकडे, सकाळ-संध्याकाळ, सुरुवातीला आठवडाभर. पट्टा दंडाच्या मापाचा हवा, जाड दंडाला लहान पट्टा लावला तर आकडा उगाच वर जातो. आणि चेहरा वाकडा होणं, हात पडणं, बोलणं अडखळणं, तोल जाणं, एकाएकी दिसेनासं होणं, यांतलं काहीही दिसलं की घड्याळ बघायचं. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. रिलीव्हरची वाट बघायची नाही.

जुनाबूट | १०:५१

शेवटचं वाक्य मला आहे, समजलं.

उंटावरचा_शहाणा | शुक्रवार, सकाळी ९:४०

काल रात्री धागा वाचून माझं मोजलं. १४८/९६. वय सदतीस, कधीही सैन्यात नाही. पुढचं काही बोलत नाही.

अनवट | सव्वा महिन्यानंतर, रविवार, सकाळी ११:३०

धागा वर काढतोय, कारण बऱ्याच जणांनी व्यनि (खासगी निरोप) करून विचारलं.

पहिल्या आठवड्यात आकडे येत होते १६०, १६५. गोळ्या वेळेवर, मीठ कमी, तरी तेच. मग एकदा मी मोजताना नीट बघितलं. बाबा खुर्चीच्या काठावर ताठ, छाती पुढे, दोन्ही मुठी घट्ट, नजर समोर. सावधानमध्ये बीपी मोजून घेत होते! मी म्हटलं, "बाबा, विश्राम." पाठ टेकवली, मुठी सोडल्या, पाच मिनिटं थांबलो. १४२. तरी जास्तच, पण खरा आकडा. आता गोळीचा डोस वाढवल्यावर १२८ ते १३४ मध्ये असतो.

तोफचींचा निरोप सांगितला त्याच दिवशी संध्याकाळी जाड पुठ्ठ्याचं रजिस्टर आलं. रकाने पट्टीनं आखलेले: तारीख, वेळ, वरचा, खालचा, नाडी, शेरा. शेऱ्यात "फोन वाजला, रद्द" असंही असतं. गुडघ्यासाठी व्यायाम शिकलेत, सपाटीवर वीस मिनिटं चालतात. मधे एक दिवस जोश येऊन पळायला गेले होते, त्यावर मी नाही, आईनंच सिक रिपोर्ट लिहिला. शब्द शोधायला अजून कधीकधी अडखळतात. कॅलेंडरला 'ते तारखांचं' म्हणतात.

काल त्यांचे पलटणीतले एक मित्र भेटायला आले. चहा व्हायच्या आत बाबांनी त्यांना खुर्चीत बसवलं, पट्टा लावला. ते म्हणायला लागले, "अरे मला काही होत नाही, मी अजून..."

बाबा म्हणाले, "पाच मिनिटं तोंड बंद." आणि रजिस्टरचं नवीन पान आखायला घेतलं.

तोफची | ११:४२

आकडा किती आला ते तर लिही!

अनवट | ११:४९

१६६/९८. शेरा: "गप्प बसत नाही. उद्या पुन्हा."